कारंज्याची खरडपट्टी

सालेम लेनमध्ये कुणी कमरेवर हात ठेवला की बाकीच्यांनी हातातलं काम खाली ठेवायचं, असा रिवाज होता. कमरेवर हात म्हणजे भांडणाची नांदी. आणि तो हात मिस आयसीचा असला तर मग विचारूच नका. न्हावी गिऱ्हाइकाच्या एका गालावरचा साबण तसाच ठेवून कुंपणाशी यायचा. गिऱ्हाईकही त्याच्यामागोमाग यायचं. मासे तळणारी बाई कढई उतरवायची. पत्र्याच्या कुंपणावर पोरं चढून बसायची. नाटकाला इतका शिस्तीचा प्रेक्षक नशिबानेच मिळतो.

किंग्स्टन शहराच्या पश्चिमेकडच्या त्या गल्ल्यांत भांडण ही कला होती आणि तिचे नियम होते. अंगाला हात लावायचा नाही. मेलेल्या माणसाचं नाव काढायचं नाही. बोलायचं ते तालात, आणि ओळीचा शेवट असा मारायचा की ऐकणाऱ्याचा हात आपोआप मांडीवर पडावा. जो आधी हसेल तो हरला. मिस आयसी कधी हरल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

तिचं पुरतं नाव आयसिल्डा पिनॉक; ‘मिस’ तिथे लग्न झालेल्या बाईलाही म्हणतात. जन्म सेंट मेरी परगण्यातल्या एका नदीकाठच्या वाडीतला. तिथल्या बायका नदीवर धुणं धुवायच्या, लाकडी धोपाटण्याने कपडे बडवायच्या आणि पाण्याच्या खळखळाटावरून या काठच्या त्या काठच्यांशी भांडायच्या. तिथे बारीक आवाजाला किंमत नव्हती. आईच्या परकराला धरून बसलेल्या आयसीला तेव्हाच दोन विद्या मिळाल्या, धुण्याची आणि आवाजाची. लग्न होऊन ती शहरात आली ती या दोन्ही विद्या घेऊनच. नवरा विल्बर्ट, गल्ली त्याला मानाने मास विल्बर्ट म्हणायची, चांभारकाम करायचा. तोंडात कायम चुका, म्हणजे बारीक खिळे, धरलेल्या, त्यामुळे त्याला बोलायची गरज पडत नसे, आणि पडली असती तरी संधी मिळाली नसती. पण बायकोचा आवाज चढला की त्याची हातोडी आपोआप त्या तालावर पडायची. हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

टेकडीवरच्या मोठ्या घरांची धुणी ती घ्यायची. सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री, बुधवारी डोक्यावर गाठोडी घेऊन पोचवायला. रविवारी पांढराशुभ्र झगा आणि गवताची टोपी घालून माउंट हर्मन चॅपलच्या गायकवृंदात पहिल्या रांगेत, मधोमध.

जगात दोन गोष्टी तिला सोसवत नसत. एक म्हणजे चादरी चघळणारी शेजारची बकरी. आणि दुसरं जेरिको.

जेरिको म्हणजे समोरच्या मोकळ्या आवारात मांडलेले कपाटाएवढे कर्णे, त्यांच्या तारा, आणि एक रेकॉर्ड वाजवायचं यंत्र. शनिवार दुपार झाली की जेरिको जागं व्हायचं. रेगेचा तो बास आधी पायाला लागायचा, मग पोटाला, आणि कानाला सगळ्यात शेवटी. मिस आयसीच्या दोरीवरचे लाकडी चिमटे त्या हादऱ्याने एकेक करून उडी मारायचे आणि धुतलेल्या चादरी धुळीत पडायच्या.

या जेरिकोचा धनी होता लासेल्स नावाचा जटाधारी तरुण. लहानपणी गुंगू घातलेला भात, म्हणजे आपली तूरच ती, पातेलंभर खायचा म्हणून सगळे त्याला प्रिन्स गुंगू म्हणत. रेकॉर्डच्या एका बाजूला गाणं असायचं आणि दुसऱ्या बाजूला तेच गाणं शब्द काढून टाकलेलं, नुसता ढोल आणि बास. गुंगू ती मागची बाजू लावायचा, माइक ओठांशी धरायचा आणि त्या रिकाम्या जागेत स्वतःचं बोलणं ओतायचा. तांदूळ महाग झाला ते. काम मिळत नाही ते. कुणाला पोलिसांनी उगाच झोडपलं ते. रेडिओवर यातलं काही लागत नसे. रेडिओवर क्रिकेट लागायचं आणि गोड गळ्यातलं परदेशी प्रेम लागायचं. गल्लीचं गाऱ्हाणं ऐकायचं तर जेरिकोपुढे यावं लागे, आणि गंमत अशी की ते गाऱ्हाणं ऐकताना माणसं नाचायची. ओळ आवडली की लोक हातात येईल ते बडवायचे, पत्रा, डबा, झाकण. मग गुंगू सुई उचलायचा आणि गाणं पहिल्यापासून सुरू करायचा. तिथला ‘वन्स मोअर’ असाच असतो.

त्या वर्षी ईस्टरच्या आधी सालेम लेनच्या तोंडाशी असलेल्या एकुलत्या एका नळाला साखळी पडली. साखळीला टाळं. पाणीखात्याचा माणूस सायकलवरून आला, टाळं लावलं, “वरून दाब कमी आहे” म्हणाला आणि चावी खिशात टाकून गेला. बायका थेट रेल्वेच्या आवारापर्यंत बादल्या घेऊन जाऊ लागल्या. चॅपलमधला बाप्तिस्म्याचा हौद कोरडा पडला. आणि त्याच दिवसांत कोपऱ्यावरच्या चौकात, जिथे चार रस्ते मिळतात, तिथे नगरसेवक एगर्टन मलिंग्ज यांच्या प्रयत्नाने तीन मजली कारंजं उभं राहत होतं. वर सिमेंटचा मासा, तोंड आभाळाकडे.

मिस आयसीकडची दोन घरं धुण्याला उशीर होतो म्हणून गेली. तिसरं आणि शेवटचं घर उरलं ते खुद्द मलिंग्ज यांचं. त्यांच्या बाईसाहेब निरोपावर निरोप पाठवत होत्या, धुणं कधी येणार? ते घर गेलं की तिची परात आणि इस्त्री दोन्ही अडगळीत जाणार होत्या.

ती रोज सकाळी रिकामी बादली घेऊन नळासमोर उभी राहायची, कमरेवर हात ठेवायची आणि नळाचा उद्धार करायची.

“लाज वाटत नाही? आळशी नवऱ्यासारखा भिंतीला टेकून उभा आहेस! गळ्यात साखळी घालून मिरवतोस, महापौर झालास का?”

एका सकाळी गुंगू कुंपणापलीकडे आंबा चोखत हे ऐकत होता. ऐकता ऐकता चोखायचं विसरला.

“आँटी,” तो म्हणाला, “हे सगळं माइकवर म्हणा ना. देवाशप्पथ, शहर हलेल.”

“कोण, मी? बाप्तिस्मा झालेली बाई तुझ्या त्या सैतानाच्या कपाटांतून बोलणार?”

“जेरिको नाव बायबलातलंच आहे, आँटी.”

“बायबलातलं जेरिको शहर भिंतींसकट पडतं, पोरा. माझा हात लागला तर तुझं आजच पडेल.”

“मग तुमचे शब्द मी म्हणू?”

“एक शब्द चोरून बघ. तुझ्या जटा पिळून दोरीवर वाळत घालीन. आणि चिमटेही तुझेच वापरीन, माझे तुझ्या बासने मोडलेत.”

गुंगू हसला. म्हणजे हरलाच. पण ते बोलणं त्याच्या डोक्यातून जाईना.

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात नगरसेवकांचा सचिव गल्लीत आला. त्यांचा स्वतःचा भोंगा कुई कुई करत होता, म्हणून जेरिको हवं होतं.

“नुसतं वाजवायचं,” सचिव म्हणाला. “शब्द असलेलं एकही गाणं नको. आणि तुम्ही, प्रिन्स की काय ते, माइकला हात लावायचा नाही.”

“हातच काय, श्वाससुद्धा लावणार नाही,” गुंगू कोकराच्या सुरात म्हणाला.

तिकडे पास्टर डेकर्स यांनाही बोलावणं आलं. चॅपलच्या गायकवृंदाने पाण्याच्या महतीचं भजन गावं. चॅपलचं छप्पर गळत होतं आणि मलिंग्ज यांनी नव्या पत्र्यांचा शब्द दिला होता.

“सिस्टर आयसिल्डा,” पास्टर तिच्या अंगणात उभे राहून म्हणाले, “पुढे तुम्हीच उभ्या राहा. पण नुसतं भजन हं. म्हणजे... तुम्हाला कळतंय ना मला काय म्हणायचंय?”

“कळतंय, पास्टर. भजन आणि आमेन. मधे काही नाही.”

तिने हे मनापासून सांगितलं. गायकवृंदातली ती जागा तिने आजवर एका रविवारीही सोडली नव्हती. त्या जागेवर ती धोबीण नव्हती, कुणाची आँटी नव्हती. तिथे तिचा आवाज सरळ वर जायचा. भांडण रस्त्यावरचं, गाणं देवाचं. या दोन कपड्यांचे रंग ती कधी एकमेकांना लागू देत नसे.

उद्घाटन शनिवारी भर दुपारी होतं. चौकात पताका, खुर्च्या, गाड्यांची रांग. सालेम लेन अख्खी लोटली होती. बायका रेल्वेच्या आवारातून थेट तिकडेच आल्या होत्या, बादल्यांसकट. मलिंग्ज साहेब दुधी रंगाच्या सुटात मंचावर उभे राहिले आणि पाणी हेच जीवन कसं, हे त्यांनी तब्येतीत सांगितलं. मग चाक फिरवलं. सिमेंटच्या माशाने आधी उचकी दिली, मग ठसका दिला, आणि मग पाणी असं उसळलं की पहिल्या रांगेतल्या टोप्या भिजल्या. वाऱ्याने चार थेंब मिस आयसीच्या गालावर आणून टाकले. तिने ते पुसले नाहीत.

“आता माउंट हर्मनचा गायकवृंद,” सचिव म्हणाला.

ती माइकपुढे गेली. डोळे मिटले आणि भजनाचं पहिलं कडवं उचललं. आवाज चौकावरून असा गेला की गाड्यांचे पेंगुळलेले चालक जागे झाले. कडवं संपता संपता तिला पायाखाली काहीतरी जाणवलं. मंचाच्या बाजूला गुंगूने हळूच एक रेकॉर्ड लावली होती. मागची बाजू. एकही शब्द नव्हता त्यात, अटीप्रमाणे. नुसता बास, आणि ठोक्याच्या मधल्या फटीत गिटारची चुटकी. भजन संथ होतं, बास त्याहून संथ. दोघं एकमेकांना असे भेटले, जणू एकाच नदीवर वाढले होते. मागच्या रांगेतल्या बायकांच्या टाचा हलू लागल्या. पास्टर छताकडे बघावं तसं आभाळाकडे बघू लागले.

ती दुसऱ्या कडव्याला तोंड उघडणार, तोच तिची नजर खाली गेली. मलिंग्ज यांच्या चालकाने कारंज्यात फडकं बुडवलं होतं आणि तो मोटारीची चाकं पुसत होता. पिळायचा, पाणी रस्त्यावर सांडायचा, पुन्हा बुडवायचा.

दुसरं कडवं आलंच नाही.

मिस आयसीचा डावा हात उठला आणि कमरेवर जाऊन बसला.

सालेम लेन एकदम चिडीचूप. पोरं खांद्यावर चढली. न्हाव्याने टोपी काढली. बास मात्र चालू होता, ढम्म, ढम्म, वाट बघत.

“काय रे कारंज्या,” ती म्हणाली, गात नाही आणि बोलतही नाही अशा आवाजात,

“काय रे कारंज्या, कसला तुझा थाट!
सिमेंटच्या माशाला पाणी काठोकाठ!
नळाला माझ्या साखळी, साखळीला टाळं,
मोटार करते आंघोळ, पारोशी माझी बाळं!”

बादल्या वाजल्या. एक नाही, सगळ्या. गुंगूने सुई उचलली आणि पहिल्यापासून लावली. आता काय, तिचा आवाज सुटला.

“टेकडीवरच्या चादरी केल्या दुधावाणी,
माझ्याच झग्याला मिळेना वाटीभर पाणी!
देवाने दिला पाऊस सगळ्यांना सारखा,
माणसाने केली चावी, झाला देवाला पारखा!”

मलिंग्ज साहेबांचा चेहरा सुटासारखा दुधी झाला. “बंद करा!” म्हणून त्यांनी मंचावरचं टेबल धाडधाड बडवलं. गुंगूने अदबीने मान लवली. “साहेबांनाही आवडलं!” म्हणाला आणि सुई पुन्हा पहिल्यावर ठेवली. लोकांनी जो गिल्ला केला त्याला तोड नव्हती. मंचावर बसलेल्या मलिंग्ज बाईसाहेबांनी पंखा तोंडासमोर धरला, पण खांद्यांनी घात केला. त्या हसत होत्या.

मिस आयसीने बोलणं संपवलं आणि मग ती घाबरली. आपण काय केलं हे तिला आत्ता दिसलं. तिने वळून पास्टरकडे पाहिलं. चॅपलचं छप्पर त्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, एकेका भोकासकट. मग पास्टर घसा खाकरून, आभाळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“आमेन!”

दुसऱ्या दिवशी चॅपलमध्ये ती नेहमीच्या जागेवर न जाता मागच्या बाकावर जाऊन बसली. पास्टर व्यासपीठावरून तिच्याकडे बघून म्हणाले, “सिस्टर, ती मधली जागा रिकामी बरी दिसत नाही. आणि कालचं दुसरं कडवं तुमच्याकडे बाकी आहे.” कडवं झाल्यावर तिने तिथूनच बायकांना विचारलं, “उद्या सोमवार. आपण सोमवारी काय करतो?”

“धुणं!” बायका म्हणाल्या.

“आणि पाणी कुठे आहे?”

सगळ्या हसू लागल्या.

सोमवारी सकाळी सालेम लेनच्या बायका डोक्यावर पराती आणि गाठोडी घेऊन कारंज्यावर गेल्या. चारही बाजूंनी बसल्या आणि बाह्या सरसावल्या. गुंगूने एक कपाट हातगाडीवर घालून आणलं. पलीकडच्या दुकानातून वीज घेतली. बास सुरू झाला, आणि बायकांचे हात कपड्यांवर त्याच्या मधल्या फटीत पडू लागले. मिस आयसी धोपाटणं उगारून म्हणाली, “हं, आता कळलं हे कपाट कशासाठी बनवलंय ते!”

थोड्या वेळाने सिमेंटच्या माशाच्या तोंडातून फेस येऊ लागला. मग कुणीतरी पांढऱ्या कपड्यांना नीळ दिली, आणि तिन्ही मजल्यांवरून निळं पाणी उडू लागलं. बसमधली माणसं खिडकीतून अर्धी बाहेर आली. वाहतूक थांबली. फौजदार साहेब शिट्टी वाजवत आले.

“हे काय चाललंय?”

“धुणं, साहेब.”

“कारंज्यात?”

“धुऊ नये अशी पाटी कुठे आहे?”

फौजदाराने चहूकडे पाटी शोधली. नव्हती. तो जरा वाकून म्हणाला, “आमच्या गल्लीतही नळ बंद आहे, मिस आयसी. बायको दोन शर्ट घेऊन येईल, चालेल ना?” आणि बायकांना गाड्यांचा धक्का लागू नये म्हणून तो रस्त्यात उभा राहून वाहतूक वळवू लागला.

दुपारी मिस आयसीने शेवटचं गाठोडं सोडलं. मलिंग्ज यांच्या घरचं. तिने ते जास्तच मन लावून धुतलं, पिळलं, आणि कारंज्याच्या कठड्यावर, बरोबर मुख्य रस्त्याच्या अंगाला, वाळत घातलं. पट्ट्यापट्ट्यांचे पायजमे होते, खिशावर रेशमाने नाव भरलेले. वारा सुटला तसे ते असे फुगले की जणू नगरसेवकांचं खालचं अर्धं अंग सभेला उभं आहे.

“मिस आयसी, अहो, हे पायजमे कुणाचे?” बसमधून कुणीतरी ओरडलं.

“नाव वाचा की!” ती म्हणाली. “मी घरंदाज धोबीण. गिऱ्हाइकाचं नाव मी कधी घेत नाही.”

मलिंग्ज बाईसाहेबांनी गाडीतून येऊन ते दृश्य स्वतः पाहिलं. घरी जाऊन नवऱ्याला काय म्हणाल्या ते कुणाला कळलं नाही. पण मंगळवारी कोंबडं आरवायच्या सुमाराला पाणीखात्याचा माणूस सालेम लेनमध्ये सायकलवरून उतरला, साखळी काढली आणि मागे वळून न बघता निघून गेला. नळाने आधी हवा सोडली, मग गंज, मग पाणी. गल्ली रात्रीच्या कपड्यांत बाहेर आली आणि सगळे भिजले. मास विल्बर्टने तोंडातल्या चुका काढून हातात घेतल्या आणि म्हणाला, “बरं झालं.” गल्लीने त्याला टाळ्या दिल्या.

गुंगू धावतच आला. “आँटी, स्टुडिओत वेळ मिळालाय! आज चला.”

“आज मंगळवार. इस्त्री. बुधवारी पोचवणं. गुरुवारी ये.”

गुरुवारी ती रविवारचा पांढरा झगा घालून गेली. माइक पकडून उभं राहायला सांगितलं तर म्हणाली, “मग कमरेवर हात कोण ठेवणार, तुझी आजी?” शेवटी माइक छताला टांगला. मागे विल्बर्टला बसवलं, एक जुना बूट आणि हातोडी देऊन. रेकॉर्डवर तो जो टक् टक् असा बारीक ठोका ऐकू येतो, जो कुठल्याही ढोलाचा वाटत नाही, तो त्याचा.

पत्रे चॅपलला मिळाले नाहीत. मग जेरिकोने एका शनिवारी छपरासाठी नाच ठेवला. पास्टर दाराशी उभे राहून येणाऱ्यांचं स्वागत करत होते आणि आपला पाय हलतोय हे कुणाला दिसू नये म्हणून दुसऱ्या पायाने तो दाबून धरत होते.

रेडिओने ती रेकॉर्ड कधीच वाजवली नाही. पांढऱ्या कोऱ्या लेबलची ती रेकॉर्ड न्हाव्यांच्या दुकानांत फिरली, बसमध्ये फिरली, मासळीबाजारात फिरली, आणि एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली. जिथे नळाला साखळी पडायची, तिथले लोक जवळच्या कपाटवाल्याकडे जायचे आणि मिस आयसीची फर्माईश करायचे. मग बायका बादल्या वाजवायच्या, सुई पुन्हा पहिल्यावर यायची, आणि कमरेवर हात ठेवलेल्या त्या बाईचा आवाज पत्र्यांवरून पार पलीकडच्या रस्त्यापर्यंत जायचा. पुढे पुढे तर पाणीखात्याच्या माणसाला निरोप पाठवायचीही गरज उरली नाही. दुरून कुठूनतरी तो बास कानावर आला की तो हातातला चहा टाकायचा, खिशात चावी चाचपायचा आणि सायकलला टांग मारायचा.